हळदीचा बोळा

आमच्या गल्लीतलं एकही चाक गुरप्पा तेलवाल्याच्या हातून सुटलेलं नाही. तेलवाला म्हणजे घाण्याचा नव्हे, गिरणीत यंत्रांना तेल घालायचं त्याचं काम. पण सुट्टीच्या दिवशी त्याचे हात शिवशिवायचे. कुणाचा रहाट कुरकुरला, कुणाचं शिवणयंत्र अडखळलं, की हा कुपी घेऊन दारात. माझी सायकल त्यानं इतकी पाजली होती की माझ्या सगळ्या धोतरांना काळी किनार आली होती. मी म्हणायचो, "गुरप्पा, धोतरावर जरा दया कर." तो गंभीरपणे सांगायचा, "धोतर कुरकुरत न्हाय अण्णा, चाक कुरकुरतं."

खंडेनवमी म्हणजे तर त्याची दिवाळीच. गिरणी बंद, आणि गुरप्पा सोवळ्यात. एकेका यंत्राला विभूतीचे पट्टे, हळद-कुंकू, झेंडूची माळ. शेवटी तेलाच्या प्रत्येक भोकात हळदीत भिजवलेल्या कापसाचा बोळा, फुलापानांचा कचरा आत जाऊ नये म्हणून. पूजलेलं यंत्र त्या दिवशी चालवायचं नाही, हे गिरणीतल्या झाडूवालीपासून मालकापर्यंत सगळ्यांना ठाऊक. दसरा झाला की दुसऱ्या सकाळी पट्टा चढवायच्या आधी गुरप्पा आकड्याच्या तारेनं सगळे बोळे उपसून काढायचा. ती तार त्याच्या कंबरेला बारा महिने असायची. मी त्याच्या बायकोला, शांतम्माला विचारायचो, "वहिनी, ही तार घेऊनच झोपतो का हा?" ती म्हणायची, "मला टोचती, तुमाला काय?"

त्या साली नवरात्रात होटगीच्या वाटेवरच्या माळावर विमान उतरलं. चालवणारा पारशी साहेब तरुण होता, गिरणीच्या मालकाचा पाहुणा. पैसेवाल्यांना बसवून सोलापूरवरून एक गिरकी मारून आणायचा त्याचा बेत होता. त्याचा स्वतःचा मिस्त्री पुण्यात तापानं पडलेला, म्हणून पेट्रोल भरायला आणि यंत्र पुसायला आमच्याच गावचा दस्तगीर मोटार मिस्त्री घेतला. राखणीला भरवशाचा माणूस हवा होता. मालकानं गुरप्पाला पाठवलं.

नवमीच्या सकाळी दस्तगीर पेट्रोल भरून चहाला गेला. साहेब बंगल्यावर. माळावर गुरप्पा आणि विमान दोघंच. पुढचं सांगायला नको. विभूती, कुंकू, माळ सगळं यथासांग झालं. असावा म्हणून नारळसुद्धा बरोबर नेलेला होता. मग विमानाच्या पंखाजवळ त्याला एक बारकी नळी दिसली, पुढं तोंड केलेली, उघडी. यंत्राला उघडं भोक म्हणजे गुरप्पाच्या जिवाला घोर. त्यानं हळदीचा बोळा केला आणि नीट दाबून बसवला. पूजा झाली म्हणजे आज यंत्राला विसावा. जवळच्या मेंढक्याला "जरा बघ" म्हणून तो घरी जेवायला आला.

मी त्यांच्या ओट्यावर पान लावत बसलो होतो. शांतम्मानं होळगी, म्हणजे पुरणपोळी, वाढली, गुरप्पानं पहिला घास मोडला, तेवढ्यात वरून घरघर आली. सगळी गल्ली बाहेर पळाली. शेजारची फुलाबाई तर पोळपाट-लाटण्यासकट. गुरप्पा उष्ट्या हातानं दारात आला नि वर बघत म्हणाला, "आज कसं उडवलं? पूजलंय की."

"अरे, हार बघून विमानालाच हुरूप आला असंल," मी म्हणालो.

तो हसला नाही. मागाहून कळलं, लोक जमलेत म्हणून मालकानंच नवमी विसरून साहेबाला आग्रह केला होता, एकट्यानं एक फेरी मारून दाखवा म्हणून. विमान गिरणीच्या धुराड्यावरून वळलं आणि माळाकडं खाली गेलं. थोडी फटफट ऐकू आली. मग काही नाही. आम्ही पोचलो तेव्हा ते माळ ओलांडून ओढ्यात तोंड खुपसून पडलं होतं, आणि साहेबाला चार जण खाटेवरून नेत होते.

संध्याकाळपर्यंत गावानं निकाल देऊन टाकला. पेट्रोलमध्ये पाणी. फटफट सगळ्यांनी ऐकली होती, आणि पेट्रोल दस्तगीरनं भरलं होतं. तो बाजारात ज्याला त्याला सांगत होता, "छानके डाल्या मैं. कपडे में से, दो बार." लोक मान हलवायचे आणि आपली मोटार दुसऱ्या मिस्त्रीकडं न्यायचे.

गुरप्पाचं म्हणणं वेगळं. पूजलेलं यंत्र चालवलं म्हणून कोप झाला. चार दिवसांनी तो मोसंब्या घेऊन साहेबाला भेटायला इस्पितळात निघाला, मीही गेलो. साहेबाचा पाय लाकडाच्या फळ्यांत बांधलेला. माणूस बोलका होता.

"दस्तगीरला उगाच बोलतात," साहेब म्हणाला. "उतरताना यंत्र मंद केलं की ते फटफटतंच. माझा वेगाचा काटा मेला होता. काटा शून्यावर, मला वाटलं वेग कमी पडतोय, पडेन. मी वेगातच खाली आलो आणि माळ संपला. पंखाजवळ एक नळी असते, तिच्यात वारा शिरला की काटा हलतो. उडण्याआधी मीच ती बघायला हवी होती. आता सरकारी साहेब मोडतोड तपासायला येतील, तेव्हा काय ते कळेल."

गुरप्पानं मोसंब्या खाटेवर ठेवल्या त्या घरंगळून खाली गेल्या. त्यानं उचलल्याही नाहीत. बाहेर निंबाखाली येऊन तो म्हणाला, "नळीत बोळा मी घातलाय."

मी आत जाऊन मोसंब्या गोळा करून साहेबाच्या उशाशी ठेवल्या.

आणि खरी गोची पुढं होती. मोडक्या विमानावर ताडपत्री टाकली होती, आणि राखणीला पुन्हा गुरप्पाच. तो दिवसभर त्या पंखाशेजारी बसायचा. बोळा नळीत. तार कंबरेला. भाकरी घेऊन शांतम्मा गेली, त्या दिवशी मीही तिथं होतो.

"दसरा झाला न्हवं?" ती हळूच म्हणाली. "मग काढा की. दरसाल काढता तसा."

"दरसालचं येगळं."

"नोकरी गेली तर? धरून नेलं तर? त्या दस्तगीरला कोण फासावर देतंय? चार दिस लोक बोलतील, इसरतील."

"त्याच्या दुकानात कुत्रं फिरकंना झालंय, शांता."

"आपल्या दारात फिरकंल काय मग?"

गुरप्पानं तार काढून हातात घेतली, बराच वेळ फिरवली, परत खोचली. भाकरी तशीच राहिली. त्या आठवड्यात माझ्या सायकलची साखळी किंचाळत होती; गुरप्पा शेजारून गेला, पण त्याला ऐकूच आलं नाही.

सरकारी साहेब आला तेव्हा ओढ्याकाठी निम्मं गाव. मालक होता, आणि दस्तगीरही, हात मागं बांधून, पकडलेल्या माणसासारखा. साहेबानं आधी पेट्रोलची टाकी बघायला घेतली. गुरप्पा पुढं झाला. सगळ्यांदेखत त्यानं तार नळीत घातली, गिरणीत काढतो तशी हळूच फिरवली, आणि पिवळा बोळा साहेबाच्या तळहातावर ठेवला. मग म्हणाला, "हे माझं हाय."

साहेबानं दोनदा विचारलं. त्यानं दोनदा तेच सांगितलं.

धरून कुणी नेलं नाही. पण मालकाचं नाक कापलं गेलं होतं. दिवाळीच्या आत गुरप्पाची गिरणी सुटली. दस्तगीरकडं मोटारी परत आल्या. पारशी साहेब काठी टेकत गेला, आणि माळावर पुन्हा विमान उतरलं नाही. मला वाटलं होतं, दस्तगीर येऊन गळ्यात पडेल. तो आला खरा, पण ओट्यावर टेकलासुद्धा नाही. उभ्या उभ्याच म्हणाला, "बोळा लगाया तो लगाया, गुरप्पा. मैं चा पीके आया, तू नहीं था. किसी को एक लफ्ज तो बोलके जाना था."

गुरप्पा म्हणाला, "व्हय."

तेवढंच झालं. दस्तगीर आल्या पावली परत गेला.

आता गुरप्पा दारोदार शिवणयंत्रांना आणि रहाटांना तेल घालतो. खंडेनवमीला पूजाही करतो, पण बोळ्याला तांबड्या चिंधीची हातभर शेपटी बांधतो, आणि घरातल्या प्रत्येकाला बोलावून दाखवतो, म्हाताऱ्यांना आणि रांगत्यालासुद्धा. यंदा माझ्या सायकलला अशा दोन शेपट्या लोंबत होत्या. मी म्हणालो, "गुरप्पा, सायकल आहे का माकड?" पूर्वी यावर उत्तर आलं असतं. तो फक्त म्हणाला, "दसरा झाल्यावर मी येऊन काढल्याबिगर बसू नका अण्णा." आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत तो तार घेऊन दारात उभा होता.

कधीमधी उंचावरून एखादं विमान हैदराबादेकडं जातं. गल्ली बाहेर पळते. गुरप्पा वर बघत नाही. हातातली कुपी खाली ठेवतो आणि घरघर पार विरेपर्यंत तसाच बसून राहतो.