बाबांनी गाडी सोडली

परवा रविवारी आमच्या बाबांनी जर्मनीतली एक अख्खी ट्रेन न थांबवता पुढे काढून दिली... आणि त्या ट्रेनमध्ये आम्हालाच बसायचं होतं!

बाबा म्हणजे माझे सासरे. भुसावळकडच्या छोट्या छोट्या स्टेशनांवर स्टेशन मास्तर म्हणून त्यांचं आयुष्य गेलं, आता रिटायर झालेत. मला सातवा महिना लागलाय आणि माझ्या आईला शाळेतून रजा मिळत नाहीये. म्हणून सासूबाई आणि बाबा डिसेंबरपर्यंत ब्राउनश्वाइगला आमच्याकडे राहायला आलेत.

पण तीन आठवड्यांत बाबा पार कंटाळले. भाषा येत नाही, मराठी पेपर नाही, शेजारी गोड हसून दार लावून घेतात... शुक्रवारी नवऱ्याला, मंदारला म्हणाले, "तिकीट अलीकडचं करून घे. मला इथे काही काम नाही." ते गेले की सासूबाईही जाणार. खरं सांगते, मी बाथरूममध्ये जाऊन रडून घेतलं.

तर त्यांचं मन रमावं म्हणून रविवारी एका डब्याच्या ट्रेनने डोंगराकडच्या एका खेड्यात फिरायला गेलो. सासूबाई गुडघ्यामुळे घरीच थांबल्या.

परतताना स्टेशनवर आलो. एक फलाट, बाकाची एक शेड, तिकिटाचं मशीन... आणि माणूस एकही नाही. बाबा दोनदा शेडच्या मागे जाऊन बघून आले. "मास्तर नाही? पोर्टरसुद्धा नाही?" त्यांना ते अगदी मनाला लागलं.

वारा फार होता म्हणून मी आणि मंदार शेडमध्ये बसलो. बाबा मात्र फलाटाच्या टोकाला. वळणावर ट्रेन दिसली आणि बाबा ताठ झाले, एक हात बाजूला सरळ धरला... अगदी स्थिर.

त्यांच्या स्टेशनांवर मेल गाड्या थांबत नसत. त्या जाताना हिरवा झेंडा धरून असंच उभं राहायचं, सगळं ठीक आहे, जा म्हणून. इतक्या वर्षांची सवय, हात आपोआप उठला! ड्रायव्हरला वाटलं असणार, आजोबा टाटा करताहेत. त्यानेही छान हात हलवला आणि गेला की निघून.

पुढची ट्रेन दीड तासाने. मंदार वैतागला, आणि बाबांचा चेहरा पार उतरला. आता हे उद्याच बॅग भरणार...

थोड्या वेळाने बाबांनी मंदारला तिथला बोर्ड वाचायला लावला. इथे गाडी गरज असेल तरच थांबते, प्रवाशांनी ड्रायव्हरला दिसेल असं उभं राहावं, असं लिहिलं होतं.

"म्हणजे गाडी थांबणार की जाणार, ते फलाटावरच्या माणसावर?"

"गेनाऊ, अगदी बरोबर," मंदार म्हणाला.

"मग मास्तर आहे की रे!" बाबा तीन आठवड्यांत पहिल्यांदा हसले.

मग काय... तिखटमिठाच्या पुऱ्या खाताखाता दीड तास मला सिग्नलचं शिक्षण मिळालं. वेळ झाल्यावर बाबांनी शर्ट खोचला, मफलर नीट केला आणि ट्रेन दिसताच दोन्ही हात डोक्यावर उंच धरले. हाताशी झेंडा नसेल तर गाडी थांबवायची त्यांच्या रेल्वेतली खूण!

ट्रेन लांबूनच हळू झाली. ड्रायव्हर घाबरून डोकं बाहेर काढून विचारायला लागला, काय झालं? मंदारने सगळी कथा सांगितली. तो खो खो हसला, खाली उतरला आणि बाबांचा हात हातात घेऊन म्हणाला, "कोलेगं!" 'कलीग'सारख्याच वाटणाऱ्या या एका शब्दाचं भाषांतर बाबांनी आम्हाला विचारलं नाही.

काल सकाळी मंदार म्हणाला, "एजंटला फोन करतोय बाबा, तारीख कुठली सांगू?" बाबा चष्मा लावून स्टेशनवरून आणलेलं टाइमटेबल बघत होते.

"इथलं हिवाळ्याचं टाइमटेबल कधी लागतं रे?"

"डिसेंबरात."

"मग तोवर हेच चालेल," बाबा म्हणाले. "आणि तिकीटही आहे तेच राहू दे."

मी आत जाऊन परत एकदा रडून घेतलं, पण या वेळी मजेत... ती पहिली गाडी थांबली असती, तर आम्ही मुकाट्याने बसून घरी आलो असतो. बरं झालं बाबांनी तिला जाऊ दिलं.