दुप्पट भावाची गोळी

अकोल्याच्या भाजीबाजाराबाहेर एका बाईंचं औषधांचं दुकान आहे. चष्मा कायम कपाळावर, हातात कात्री, बोलणं रोखठोक. मी कांद्याच्या हातगाडीपासून स्वतःच्या गाळ्यापर्यंत घासाघीस करतच पोचलो, पण या बाईंनी मला कधी एक रुपया सोडला नाही. "भाऊ, हे वांगे नाहीत," म्हणायच्या.

पोती उचलताना कंबर धरली, तेव्हा डॉक्टरांनी थोड्या दिवसांसाठी गोळ्या दिल्या होत्या. कंबर बरी झाली, गोळ्या सुटल्या नाहीत. एका दुकानानं नाही म्हटलं की मी दुसरं गाठायचो. एकदा सगळीकडून फिरून बाईंकडे आलो. त्यांनी चिठ्ठी मागितली. मी भर गर्दीत ओरडलो, "चिठ्ठी गेली चुलीत! दुप्पट भाव घ्या, पण गोळ्या काढा!"

बाईंनी कात्री ठेवली, चष्मा डोळ्यांवर ओढला आणि मला नीट निरखून पाहिलं.

"भाऊ, तुमी तं छापील भावही कधी चूपचाप देला नाही. आज दुप्पट देऊन राहिले? मंग तं मी देतच नाही. बसा इथं. वहिनीले फोन लावते."

चार लोकांतला तो अपमान मी विसरलेलो नाही. त्या फोनमुळेच बायकोनं मला व्यसनाच्या डॉक्टरांकडे नेलं, हेही विसरलेलो नाही.

काल नातीसाठी तापाचं औषध घेतलं आणि सवयीनं म्हणालो, "काही कमी करा."

बाई हसल्या. "आता बरे दिसता, भाऊ."

कमी मात्र केलं नाही.