वरची कोरी जागा

फ्लेक्सच्या दुकानात किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत. गिऱ्हाइकाबरोबर तेही आत येतात. उंब्रजला माझ्या पुतण्याचे, विलासचे, असे दुकान आहे. मी जुनी मॅट्रिक, म्हणून तेथील शुद्धलेखन माझ्याकडे.

विलासची मुलगी मुक्ता पुण्याहून डिझाइन शिकून आली. भुयारी रेल्वेसाठी बोगदे खोदणारी यंत्रे बनवणाऱ्या एका कंपनीचे पोस्टर तिला मिळाले. पसंत पडले तर पुढची सगळी तिचीच. नाहीतर वाढदिवसांचे फ्लेक्स आहेतच. तिने तळाशी काळा पट्टा काढला, त्यात यंत्राचे तोंड म्हणून एक पिवळे वर्तुळ, आणि एक शब्द: ‘भुयारी’. वरचा सारा कागद कोरा!

*

पहिली प्रत ‘भूयारी’ अशी छापून आली. एवढ्या कागदावर एकच शब्द, आणि तोही अशुद्ध! पहिला उकार हवा, असे मी बजावले.

“काकू,” विलास म्हणाला, “बोगदा लांब आहे, म्हणून दीर्घ केला.”

*

शेजारचे निवृत्त सुभेदार एक डोळा मिटून वर्तुळाकडे बराच वेळ पाहत राहिले.

“चांदमारीचं टार्गेट लय खाली लावलंय, पोरी. पडून मारायचं का?”

*

वाढदिवसाच्या फ्लेक्ससाठी आलेल्या एका कार्यकर्त्याने कोरी जागा वितीने मोजली.

“आण्णा मधी, बाकीची डोकी कडंनं. मशीन राहू द्या खाली, आमची हरकत न्हाई.”

मुक्ताने नकार दिला. तेव्हा निदान एखादा ढग तरी काढ, अशी विलासने तिला विनंती केली.

*

पोस्टर काचेवर लागताच गल्लीतल्या हौसाबाई आल्या. आमच्याकडे ‘भुयारी’ म्हटले की पुढे गटारच येते. जोडणी कधी मिळणार, हे त्या रोज विचारू लागल्या. ते काम आमचे नव्हे, असे मी सांगितले.

“मग बोर्ड कशाला लावलाय?”

*

अखेर कंपनीचे साहेब आले. वर शहर दाखवा, इमारती, माणसे दाखवा. असे रिकामे पोस्टर चालणार नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. मुक्ताचा चेहरा उतरला. हौसाबाई दारात होत्याच. हे गटार नसून जमिनीखालून जाणारी रेल्वे आहे, हे साहेबांनी त्यांनाही समजावले.

“आवं सायेब, खालनं खोदताना वरचा ऊस हालत न्हाई?”

साहेबांच्या आधी मुक्ता बोलली. “नाही आजी. म्हणून तर वर काहीच काढलं नाही.”

साहेबांनी पोस्टर पुन्हा पाहिले, या खेपेस वरून खाली. मग आहे तसेच छापायला सांगितले.

हौसाबाई मात्र जागच्या हलल्या नाहीत.

“रेल्वे खालनं जाती,” त्या म्हणाल्या, “मग आमचं गटारच वरनं का?”