अप्पांची हिमनदी

परवा दोह्याला परत आलो आणि बॅगेतून सगळ्यात आधी एक दगड बाहेर काढला. मुठीएवढा, राखाडी, अंगभर ओरखडे... आमच्या स्विस ट्रिपची ही मुख्य खरेदी, आणि तीही फुकटची!

ट्रिप होती सासऱ्यांसाठी. अप्पांनी नाशिकच्या शाळेत चौतीस वर्षं भूगोल शिकवला. दर वर्षी फळ्यावर रंगीत खडूने हिमनदी काढायची, ती डोंगर कसा कोरते ते सांगायचं आणि तास संपला की पुसून टाकायची. प्रत्यक्षात एकदाही पाहिलेली नाही.

यंदा ते तीन महिने आमच्याकडे दोह्यात, अल गराफाला राहायला आले, तेव्हा मी मनाशी ठरवलं, या माणसाला हिमनदी दाखवायचीच. सत्तरी उलटली आहे, गुडघे कुरकुरतात... आत्ता नाही तर कधी?

इथे राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको, आपलं कॅलेंडर ईदवर चालतं. ईद आली की नवऱ्याच्या ऑफिसला सुट्टी, लेकाच्या, चिन्मयच्या शाळेला सुट्टी... खलास, बॅगा भरा! त्यात यंदा दिवाळी आणि ईद लागूनच आल्या. लक्ष्मीपूजन उरकलं, फराळाचे डबे कपड्यांत कोंबले आणि दुसऱ्या दिवशी निघालो. हॉटेल मी शोधलं, बुकिंग मी केलं आणि किती सहज मिळालं म्हणून मिरवलंही मीच.

सहज का मिळालं, ते तिथे पोचल्यावर कळलं...

गाव सुरेख होतं. उतारावरची झाडं पिवळीधमक, हवेत जळत्या लाकडाचा वास. पण रस्त्यावर चिटपाखरू नाही. दुकानं बंद, बाकीची हॉटेलं बंद आणि हिमनदीपर्यंत नेणाऱ्या रोपवेच्या खिडकीवर एक कागद चिकटवलेला. दुरुस्तीसाठी बंद, डिसेंबरमध्ये भेटू.

उन्हाळ्यातली गर्दी संपलेली, स्कीवाले अजून यायचे होते. मधल्या दिवसांत अख्खं गावच सुट्टीवर जातं म्हणे. आम्ही आपली आमची सुट्टी बघून तिकिटं काढली, डोंगराची सुट्टी विचारायचं कोणाला सुचलंच नाही.

नवऱ्याने तो कागद दोनदा वाचला आणि जॅकेटची चेन वर ओढली. बोलला असता तर निदान भांडता तरी आलं असतं. अप्पा म्हणाले, "असू दे गं, हवा किती छान आहे," आणि कानटोपी सारखी करत दुसरीकडे बघायला लागले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

हॉटेलात पाहुणे आम्ही चारच. मालकीणबाई साठीच्या, इंग्रजी मोडकंतोडकं, पण हसणं भरपूर. जेवताना त्यांच्या भोपळ्याच्या सूपबरोबर मी आमची चकली पुढे केली. बाईंनी एक खाल्ली, मग दुसरी, मग डबाच जवळ ओढून घेतला.

तेवढ्यात अप्पा उठून भिंतीजवळ गेले. तिथे गावाचा एक जुना फोटो होता. काळापांढरा, आणि चर्चच्या मागे बर्फाची भलीमोठी जीभ... बाई म्हणाल्या, त्यांच्या आजीच्या लहानपणी हिमनदी पार चर्चमागच्या कुरणापर्यंत यायची. मग हळूहळू मागे सरकत वर गेली. अप्पांचं सूप गार झालं, तरी ते फोटोपुढून हलेनात.

सकाळी सगळ्यात आधी बूट घालून तयार कोण, तर अप्पा! चर्चच्या मागे दहा-पंधरा मिनिटांची सपाट वाट होती. कुरणात पोचल्यावर ते थांबले, एकदा गर्रकन सगळीकडे नजर फिरवली आणि त्यांचा आवाजच बदलला. घरात पाणीसुद्धा संकोचाने मागणारा माणूस तिथे खणखणीत बोलायला लागला.

"हे बघा, तळ सपाट आणि दोन्ही बाजूंचे कडे उभे. साधी नदी अशी दरी कोरत नाही. आपण हिमनदीच्या वाटेतच उभे आहोत!"

मग काठीने एकेक दाखवत सुटले. कुरणाच्या मधोमध खोलीएवढा एकटा दगड, तो वरून बर्फाबरोबर आलेला. पलीकडचा खडीचा उंचवटा, तो तिनेच रचलेला. पायाखालच्या कातळावर लांबच लांब ओरखडे, सगळे एकाच दिशेने. बर्फात अडकलेले दगड घासत गेले, त्याच्या खुणा.

चिन्मयने चक्क हातातला व्हिडिओ गेम खिशात टाकला आणि खाली बसून ओरखड्यांवरून बोट फिरवलं. "अप्पा, विच वे वॉज इट गोइंग?" अप्पा म्हणाले, "तूच सांग." त्यांचं हे असंच चालतं, एक इंग्रजीत, एक मराठीत. त्याने दरीच्या खालच्या बाजूला हात केला. अप्पांनी त्याच्या पाठीवर अशी थाप मारली की पोरगं पुढे कलंडलं.

दोन तास आम्ही तिथेच होतो. वरचे डोंगर ढगात होते, हिमनदी काही दिसली नाही. निघताना अप्पांनी तो दगड उचलला आणि रुमालात बांधला. मला मात्र आतून टोचतच होतं... आणलं कशासाठी आणि दाखवलं काय.

काल शुक्रवार. अप्पांनी नाशिकला पाटील सरांना फोन लावला. दोघांनी एकाच शाळेत उभा जन्म काढला. मी स्वयंपाकघरात चहा गाळत होते. पलीकडून 'हिमनदी पाहिली का?' असंच विचारलं असणार, ते कळलं आणि गाळणं हातातच राहिलं.

"भेट नाही झाली हो," अप्पा म्हणाले. "पण तिच्या घरी जाऊन आलो. बाई माडीवर होत्या... चपला मात्र दारातच दिसल्या."

मी दारातून डोकावले. एका हातात रिसीव्हर, दुसऱ्या हातात तो दगड, आणि चेहऱ्यावर असं हसू की मला भरूनच आलं.

बुकिंग मीच केलं होतं बरं का... आता पुन्हा मिरवायला हरकत नाही!