दादाच्या सायकलचं कुलूप

नाशकात सायकलला धड कुलूप लावता येणारा माणूस मी शोधतोय, आणि मला तो मिळत नाही. सायकली घेतात बरं का, एकेक जुनी मोटरसायकल येईल एवढ्या किमतीची. सकाळी हेल्मेट, गॉगल, घट्ट चड्ड्या घालून गंगापूर धरणापर्यंत जाऊन येतात आणि मग मिसळीवर तुटून पडतात. तोवर बाहेर सायकलचं काय? पुढचं चाक तेवढं बांधलेलं, तेही करंगळीएवढ्या वायरने. त्या सायकलींचं पुढचं चाक एक खटका ओढला की हातात येतं! आमच्या सोसायटीतल्या डॉक्टरांचं तसंच झालं. खाली येऊन बघतात तर कुलूप शाबूत, चाक शाबूत, बाकीची सायकल पसार. वर मलाच विचारतात, "एवढं महागाचं कुलूप होतं हो, असं कसं झालं?" असं कसं म्हणजे? चोराने कुलपाला हात लावलाच नाही, डॉक्टर.

दुसरे एक बँकेतले साहेब. हे कमरेएवढ्या लोखंडी खांबाला साखळी घालायचे. खांबाला वर काही नाही, नुसता मोकळा. मी त्यांच्यादेखत सायकल उचलली आणि साखळीसकट खांबावरून बाहेर काढून त्यांच्यापुढे ठेवली. तर म्हणतात, "पण एवढं कोण करतंय?" अहो, मीच केलं की आत्ता! अशा माणसांच्या हातात बँक आहे, आणि आपण निवांत झोपतो.

मी जन्मभर ओझरच्या विमान कारखान्यात नोकरी केली. तिथे एक नट ढिला राहिला तर माणूस वरून खाली येतो, त्यामुळे मला हा गलथानपणा सोसत नाही. साखळी फ्रेममधून गेली पाहिजे, चाकातून गेली पाहिजे आणि जागची हलणार नाही अशा वस्तूला आवळली पाहिजे. एवढंच तर आहे. लग्नात, बारशात, जिथे दोन माणसं ऐकायला सापडतील तिथे मी हे सांगत आलो. मी सुरू झालो की बायको भाजी आणायला जाते.

या सगळ्या महाभागांवर कडी केली ती माझ्याच थोरल्या भावाने. घरची उपाध्येपणाची गादी त्याने चालवली. पंचाहत्तरी उलटली तरी रोज सकाळी म्हसरूळहून सायकलने गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, जायचं आणि रामकुंडावर यजमानांचे विधी करायचे, हा त्याचा नेम. गेल्या वर्षी दिंडोरी नाक्यापाशी तो सायकलवरून पडला. फार लागलं नाही, पण तेव्हापासून त्याचा मुलगा, म्हणजे माझा पुतण्या, हात धुऊन मागे लागला होता. "अप्पा, सायकल बंद. रिक्षाने जा, नाहीतर मी सोडतो." दादाने कशीबशी तडजोड केली होती: यापुढे काही गोंधळ झाला तर सायकल सोडेन. "कुणी नेऊन सोडायला लागलं की संपलंच रे," असं मला एकदा म्हणाला होता.

तर या दादाची सायकलची किल्ली जानव्याला बांधलेली. गंगेवर बऱ्याच जणांची असते. जानवं अंगावरून उतरत नाही, म्हणजे किल्ली हरवत नाही, असा यांचा बिनतोड विचार. पण जानवं श्रावणीला बदलतात ना! जन्मभर दुसऱ्यांची श्रावणी केलेल्या या विद्वानाने स्वतःच्या श्रावणीला नवं जानवं घातलं, जुनं काढलं आणि किल्लीसकट गंगेत सोडून दिलं. मग मला फोन. "करवत घेऊन ये. आणि घरी बोलू नकोस."

मी गेलो तर हा ओल्या पंच्याने सायकलची सीट पुसत बसलेला.

"कपाळ माझं!" मी म्हणालो. "किल्ली हलकी असते का रे सुताएवढी? हाताला लागली नाही?"

"मंत्र चालला होता," दादा म्हणाला.

"मंत्राने उघड मग."

"ओरड नंतर. आधी तोड. त्याला कळलं तर माझी सायकल गेली."

चेहरा बघितला. घाबरला होता बिचारा. खाली वाकून बघतो तर मागच्या चाकाचं ते जुनाट गोल कुलूप. स्क्रू-ड्रायव्हर घालून एक हिसका दिला, उघडलं. करवत पिशवीतून काढावीही लागली नाही. असल्या भंगारावर हा माणूस इतकी वर्षं विसंबला होता! ते कुलूप मी काढूनच टाकलं. दादा मात्र एवढा खूश झाला की चहासुद्धा न घेता टांग मारून गेला. पाठ ताठ, सोवळं कॅरिअरला, घंटी वाजवत.

पण जन्मात ज्याला थाप मारता आली नाही तो काय लपवणार? घरी पोचल्यावर मुलाने विचारलं, कुलूप कुठे गेलं? याने श्रावणीपासून हिसक्यापर्यंत सगळं सांगून टाकलं.

पुढच्या रविवारी मी म्हसरूळला गेलो. सायकल पोर्चमध्ये होती. अंगठ्याएवढी जाड साखळी, फ्रेममधून घेतलेली, दोन्ही चाकांतून ओवलेली आणि भिंतीत गाडलेल्या खिडकीच्या गजांना आवळलेली. बोट जाईल एवढी ढील नाही. कुलूप चांगल्या पोलादाचं.

"काका, बघा," पुतण्या म्हणाला. "तुम्ही सांगता तस्संच केलंय सगळं."

मी उकिडवा बसून कडी अन् कडी तपासली. चूक सापडावी म्हणून मनातल्या मनात देवाला विनवत होतो. एक चूक नव्हती.

"किल्ली कुठंय?"

"माझ्या ऑफिसात."

दादा दारात येऊन उभा राहिला. सायकलकडे त्याने बघितलं नाही. "आलायस तर हवा तेवढी भरून ठेव," तो मला म्हणाला. "उभ्या उभ्या टायर बसतात."

असा संताप आला की पुतण्याच्या तोंडाकडे बघवेना. पंप घेतला आणि दोन्ही चाकांत हवा भरली, गच्च.