होळीला पोचवलेलं मेज

बुधाजी उजेडात घरी दिसला की त्याची धाकटी पोर, गोदू, भोकाड पसरायची. तिचा काही दोष नव्हता. चार वर्षांच्या पोरीने बापाला उजेडात पाहिलं होतं ते सणावारी, तेही शेठने सुट्टी दिली तर. एरवी बुधाजी पहाटे चारला रोडपालीतून निघे, तीन मैल पायी तुडवत पनवेल गाठी, आणि परते तेव्हा पोर झोपलेली.

"बापूस हाय गो तुजा, चोर नाय," हौसा, त्याची बायको, पोरीला समजवायची. मग नवऱ्याकडे वळून म्हणायची, "तिला तरी काय बोलू? मना पन दर शिमग्याला वलख करून घ्यावी लागते."

साल पंचावन्न. पनवेलच्या बाजारात महादेवशेठची पार्सल सर्व्हिस होती. पाच लॉऱ्या, पाच ड्रायव्हर आणि एक शेठ. मुंबईहून आलेला माल गावोगाव पोचवायचा. बुधाजीच्या वाट्याला चिरनेर-उरणची लाइन आली होती. लॉरी लढाईतली, लष्कराने टाकून दिलेली. तिला ब्रेक होते, पण ते लागायचे तिच्या मर्जीने. शेठ म्हणायचा, "गावच्या लाइनीला हमाल कशाला? गावची माणसं लावतील हात." लावायची हो, स्वतःच्या मिशीला! कधी बेलपाड्याचं पार्सल आलं तर तिथे गाडीरस्ताच नव्हता. मग शिलाईचं मशीन डोक्यावर घ्यायचं, शेताच्या बांधावरून अर्धा तास चालायचं, आणि घराला कुलूप असलं तर तसंच परत आणायचं. म्हणे ड्रायव्हर! बैलाला निदान दुपारी सोडतात तरी.

पगार सत्तर रुपये, पण पुरते सत्तर बुधाजीने कधी पाहिले नाहीत. कचेरीत पाटीच होती: 'फूटतूट ड्रायव्हरच्या अंगावर'. एकदा चिरनेरच्या खड्ड्यात लोणच्याची बरणी तडकली. शेठने बरणीचे पैसे कापले, लोणच्याचेही कापले, आणि लोणचं स्वतःच्या घरी पाठवून दिलं. वर आठ दिवस सगळ्यांना सांगत होता, आंबट जरा जास्तच आहे म्हणून.

हेही बुधाजीने सोसलं असतं. पण खरी मेख वेगळीच होती. ड्रायव्हर कामाला लागला की पहिल्याच दिवशी शेठ त्याचं लायसन मागून घेई. "हरवाल मेल्यांनो! माझ्याकडे सुखरूप राहील." ते जाई गादीपुढच्या बैठ्या मेजाच्या खणात, कुलपाआड. दर वर्षी ते नवं करून आणायचे म्हणून पगारातून पैसेही कापले जात. वाटेत पोलिसाने हटकलंच तर "शेठकडं हाय" म्हणायचं, की पोलीस सोडून देई. आणि लायसन हातात नाही म्हणजे दुसरीकडे नोकरी नाही. लाथा खायच्या त्या याच गोठ्यात.

त्या फाल्गुनात पनवेलच्या स्टँडवर एस.टी.ची ड्रायव्हरभरती निघाली. आठ तासांची ड्यूटी, खाकी कपडे, आठवड्याला सुट्टी. होळीनंतर आठव्या दिवशी लायसन घेऊन हजर व्हायचं होतं. बुधाजी शेठसमोर जाऊन उभा राहिला.

"शेठ, माजा लायसन द्या. एस.टी.त जायाचा हाय."

शेठने पान एका गालातून दुसऱ्या गालात सरकवलं. "लायसन काय पळून जातंय? पावसाळ्यानंतर बघू."

"भरती शिमग्यातच हाय."

"मग पुढच्या भरतीला जा. एस.टी. काय उद्या बंद पडतेय?"

बुधाजी बाहेर येऊन लॉरीच्या पायरीवर मटकन बसला. शेजारी यूनुस होता, पेणच्या लाइनीचा ड्रायव्हर, मोहल्ल्यातला, सात बुकं शिकलेला. त्याचंही लायसन त्याच खणात होतं. सगळं ऐकून घेऊन तो म्हणाला, "बुधाजी, तुमच्या होळीत लाकूड चोरलं तर गुन्हा नसतो ना?"

"नाय. होलीला नेलेल्या लाकडावर मालकानं तोंड उघडायचा नाय. पेटवायच्या आधी आला, नारल दिला, आनि पोस्त, म्हंजे गाव मागंल ती बक्षिशी दिली, तर वस्तू परत."

"शेठचं मेज कसलं आहे?"

"सागाचा."

"साग म्हणजे लाकूडच की, भाई," यूनुस म्हणाला.

होळीच्या दिवशी दुपारी शेठ पुरणपोळीवर ताव मारून घरी घोरत होता, आणि कचेरीचा राखणदार कचेरीत. बुधाजी आणि यूनुसने मेज उचललं आणि लॉरीत चढवलं. पण बुधाजी पडला पार्सलवाला. बिनपावतीचा माल त्याने जन्मात हलवला नव्हता. त्याने यूनुसला पावतीपुस्तक आणायला लावलं. यूनुसने सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'पाठवणार महादेवशेठ. घेणार होळी, मुक्काम रोडपाली. माल लाकूड. भाडं भरलं.' अर्धी पावती मेजाला चिकटवली, अर्धी गादीवर ठेवली, वर शेठचा पानाचा डबा ठेवला. उडून जायला नको.

उन्हं कलली तसा शेठ टांग्यातून रोडपालीत उतरला. तो फौजदाराकडे का गेला नाही, असं कोणी विचारील. गेला असता, तर खणात काय काय होतं तेही सांगावं लागलं असतं! आणि होळीला नेलेल्या लाकडासाठी फौजदार आणणाऱ्याला पनवेलच्या बाजाराने वर्षभर जगू दिलं नसतं. होळी रचून तयार होती आणि अगदी वर, देव्हाऱ्यात बसवल्यासारखं, ते मेज होतं. शेठला पाहताच गावाने त्याच्या नावाने अशी बोंब ठोकली की टांग्याचा घोडा मागे सरकला. शिमग्यात शिव्या अंगाला लावून घ्यायच्या नसतात. शेठ कसनुसा हसला आणि त्याने नारळ पुढे केला.

"बोल बाबा, पोस्त काय हवी?"

"लायसनं," बुधाजी म्हणाला. "पाची जनांची."

शेठने किल्ली काढली. मेज खाली उतरवलं, खण उघडला. बुधाजीने स्वतःचं लायसन दोन्ही हातांनी घेतलं, धोतराला पुसलं आणि वाचायला बरोबर आलेल्या यूनुसकडे दिलं. यूनुसने एक पान उलटलं, दुसरं उलटलं. मग स्वतःचंही उघडून पाहिलं.

"बुधाजी, हे त्रेपन्नलाच संपलंय. माझंही. सगळीच."

ढोल थांबले. शेठने नूतनीकरणाचे पैसे दर वर्षी कापले होते आणि लायसनं खणातून बाहेरच काढली नव्हती. दोन वर्षं बुधाजी मर्जीच्या ब्रेकची लॉरी भरल्या बाजारातून हाकत होता, बिनलायसनचा. एखादं पोर चाकाखाली आलं असतं तर खडी फोडायला कोण गेलं असतं? त्याला भयंकर संताप आला. मेजासकट शेठला होळीत ढकलावं असं त्याला वाटलं, आणि गावातल्या दोघातिघांनी ती तयारी दाखवलीही.

"विसरलो रे," शेठ पुटपुटला. "कामाच्या गडबडीत... उद्या करतो. मेज तेवढं लॉरीत चढव."

"कोन चढवनार? कोन हाकनार?" बुधाजी म्हणाला. "मना लायसन नाय. बिनलायसनची गाडी हाकायची नाय, शेठ. उद्या नाय, परवा पन नाय. पाची गाड्या उभ्या."

टांगेवालाही म्हणाला, होळी बघितल्याशिवाय घोडा हलायचा नाही. बाकीच्या खणांत काय होतं देव जाणे, पण शेठ ते मेज गावात ठेवायला तयार होईना. शेवटी त्याने उपरण्याची चुंबळ केली आणि मेज डोक्यावर घेतलं. तीन मैल! पनवेलच्या वेशीवर तो ठेचकाळला आणि मेजाचा एक पाय निखळला. तो कुणाच्या अंगावर टाकायचा हे मात्र पाटीवर लिहिलेलं नव्हतं.

लग्नसराईचा माल गोदामात छतापर्यंत चढला होता. शेठने दोन दिवस शिव्या दिल्या, तिसऱ्या दिवशी हात जोडले. चौथ्या दिवशी तो स्वतः धरमतरची खाडी ओलांडून अलिबागेला जिल्हा कचेरीत गेला आणि पाचही लायसनं दंड भरून नवी करून आणली. बुधाजीने आपलं घेतलं ते थेट बंडीच्या आतल्या खिशात, आणि वरून टाका घातला.

भरतीच्या साहेबाने विचारलं, "मधली दोन वर्षं लायसन कुठे होतं?"

"कैदेत होता साहेब," बुधाजी म्हणाला. साहेब हसला आणि त्याने शिक्का मारला.

ड्यूटीच्या पहिल्या दिवशी दुपारी दोनला बुधाजीने गाडी स्टँडला लावली आणि कारकुनाला विचारलं, "आता कुटं जायाचा?"

"घरी," कारकून म्हणाला. "ड्यूटी संपली."

बुधाजी थोडा वेळ तिथेच उभा राहिला. कोणी परत बोलावील असं त्याला वाटत होतं. कोणी बोलावलं नाही. भर उन्हात तो तीन मैल चालून घरी आला. हौसा अंगणात सुकट पसरत होती. त्याला बघून तिच्या हातातलं सूप खाली पडलं.

"अवो, काय झाला? काढला तुमाला?"

"नाय गो."

"मंग आजारी हाव?"

"नाय. काम संपला."

"दुपारचा?" हौसाच्या डोळ्यांत पाणीच आलं. "खरा सांगा, कुनाशी भांडलाव?"

दारातून गोदूने खाकी कपड्यांतला तो माणूस पाहिला आणि रिवाजाप्रमाणे भोकाड पसरलं. बुधाजी ओट्यावर बसून राहिला. त्याला कुठेच जायचं नव्हतं. रडून रडून पोर दमली, हळूहळू जवळ आली, त्याच्या शर्टाचं पितळी बटण ओढून बघितलं आणि म्हणाली, "तू उद्या पन येशील?"