काकीला बटण दाबायचं होतं

जगभरात लोकशाहीला उतरती कळा लागली आहे, हे मला साताऱ्यात शिक्षकांच्या एका प्रशिक्षणात कळलं. मी नागरिकशास्त्र शिकवते, त्यामुळं असल्या बातम्या आधी मलाच ऐकवतात. जेवणात बासुंदी होती. पाहुणे वक्ते एकेका देशाचा नकाशा दाखवत होते आणि आमची एकेक रांग पेंगत होती. हल्ली लोकशाही रणगाड्याखाली मरत नाही, लोकांनी विचारायचं सोडलं की उभ्या उभ्या वाळते, असं ते म्हणाले. उपायही होते. चिठ्ठ्या टाकून साध्या माणसांची मंडळं नेमायची, वस्तीवस्तीच्या सभा भरवायच्या. तेवढ्यात गावाकडून चुलतभावाचा फोन आला. त्याच्या आईनं, म्हणजे माझ्या काकीनं, ग्रामपंचायतीचा अर्ज भरला होता. मी ताबडतोब येऊन तिला समजवावं, गाव तोंडात शेण घालतंय, असं तो म्हणाला.

आमचं गाव आष्ट्याजवळचं. उसाचं, दुधाचं आणि बिनविरोध निवडणुकीचं. कुणाला मेंबर करायचं ते दहा-बारा जाणती माणसं देवळाच्या सभामंडपात ठरवतात. बाकीचे अर्जच भरत नाहीत, त्यामुळं मतदान होत नाही. मतदान झालं की भावकीत तेढ येते, हे त्यामागचं शास्त्र. तेढ तशीही होतीच, बांधावरून, पाण्याच्या पाळीवरून, लग्नात कुणाला आधी फेटा बांधला यावरून. पण ती मतदानामुळं आलेली नव्हती, याचा गावाला कोण अभिमान. वेशीच्या कमानीवर तसं रंगवूनही ठेवलंय.

काकीचं माहेर आटपाडीकडं, दुष्काळी पट्ट्यात. पाणी बघून तिला दिलं आणि इथं ती खालच्या आळीत राहायला आली, जिथं गावाची पाइपलाइन संपते. तिच्या नळाला पाण्याच्या आधी वारा येतो, आणि बहुतेक दिवशी नुसता वाराच. ती मेंबराकडं गेली. तो भावकीतला, तिचा लांबचा दीर. स्वभावानं गरीब. तो हसत म्हणाला, "वैनी, तुमी कुठं मला मत दिलंय? मला गावानं बसिवलंय. गावाला इचारा." हे गाव नेमकं कुठल्या घरात राहतं, ते काकीला काही सापडेना. म्हणून तिनं अर्ज भरला. अर्जासोबत घरात संडास आहे आणि आपण तो वापरतो, असा दाखला लागतो. तोही तिनं आळीतल्या बायकांना साक्षीला घेऊन ताठ मानेनं आणला.

मी पोचले तेव्हा ओसरीवर समजवणाऱ्यांची जत्रा होती. थोरले चुलते आले, त्यांनी गावाच्या इज्जतीची आठवण दिली. फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार आले, देशासाठी सीमेवर उभा राहिलो ते कशासाठी, असं त्यांनी विचारलं, आणि पुढं काय म्हणायचं ते त्यांनाच सुचेना. काकीनं प्रत्येकाला कपबशीतून चहा दिला आणि एकच उत्तर दिलं.

"मला मेंबर व्हायचं न्हाई. मला बटान दाबायचंय. म्या हुबी ऱ्हायल्याबगर मतदान हुतंय व्हय?"

समजवायला आलेली मी संध्याकाळपर्यंत दारात उभी राहून माणसं परतवू लागले. राग आला की मला नागरिकशास्त्र फार छान येतं.

मग चिन्हं मिळाली आणि तिला आली कपबशी. गाव पेचात पडलं. निम्मं गाव तिच्या ओसरीवर कपबशीतून चहा पिऊन गेलं होतं, आणि तेही जाहीरपणे. गावानं पुन्हा उभ्या केलेल्या मेंबराच्या माणसांनी त्या दिवसापासून पेल्यातून चहा प्यायला सुरुवात केली. स्टँडवरच्या टपरीवाल्यानं भांडण नको म्हणून कप आतच ठेवले. मेंबराचं चिन्ह छत्री. त्याची माणसं रणरणत्या उन्हात छत्र्या उघडून फिरायची. काकीला ऊन सोसत नाही, त्यामुळं तीही स्वतःच्या प्रचाराला छत्री घेऊनच जायची. मी डोकं आपटून घेतलं.

मतदानाच्या दिवशी खालची आळी अंघोळी करून सकाळीच रांगेत. काकी बाहेर आली ती शाईचं बोट मेंदी लावल्यासारखं वेगळं धरून. मी हळूच विचारलं, कुणाला दिलंस? तिनं सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं सांगितलं की छत्रीला दिलं. मी ओरडलेच, स्वतःला का नाही दिलंस?

"मला देऊन काय करू? मला कुटं पायप टाकता येतीय?"

काकी हरली. पण मेंबराचा चेहरा उतरावा इतकी मतं कपबशीला पडली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ती मला घेऊन त्याच्या दारात गेली. त्याच्या कानात अजून गुलाल होता. काकीनं बोट वर केलं. "भावजी, आता मत दिलंय. पानी कवा येनार?" मागं अख्खी खालची आळी बोटं वर करून उभी. जो तो म्हणतोय, मीही छत्रीलाच दिलं. मग कपबशीला दिलं कुणी, हा हिशेब त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होता, पण विचारायची सोय नव्हती. त्यानं घाईनं आत चहा सांगितला. काकी म्हणाली, आधी नळ.

तो चपला घालून निघाला. काकीच्या घरामागच्या परड्यात त्यानं स्वतः तोटी फिरवली. फुस्स झालं, वारा आला. तो खाली हात धरून बराच वेळ उभा राहिला. मला एकदम रडू आलं, जे वर्गात इतकी वर्षं लोकशाही शिकवताना एकदाही आलं नव्हतं. शेवटी तो खाली बघत म्हणाला, वैनी, बघतो काय करता येतंय ते.

"बघा की," काकी तोटी बंद करत म्हणाली. "मत दिलंय न्हवं. म्या उद्या बी येनार हाय."